फोकासचं ताट

काका, परवा दफनभूमीत फादरांनी तुम्हाला ‘शांत स्वभावाचे’ म्हटलं, तेव्हा नातालीनकाकूंनी हळूच माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी चालू असताना कोणी ग्लास जरा जोरात ठेवला तरी घर डोक्यावर घेणारे तुम्ही. पत्त्यांत उघड उघड लबाडी करायची आणि पकडलं की ‘ख्रिस्ती माणसावर आळ घेता’ म्हणून आमच्यावरच डाफरायचं. वर्तमानपत्र तुमच्याआधी कोणी उलगडलेलं कळलं तर दिवसभर अबोला. शांत स्वभाव म्हणे! पण गेलेल्या माणसाबद्दल फादर तरी दुसरं काय बोलणार? आणि त्या वेळी तुम्ही खरोखरच गप्प होतात, त्यामुळे म्हटलं, असू दे.

मला मात्र गप्प बसवत नाही. आपलं एक भांडण कितीतरी वर्षं चालू आहे आणि तुम्ही ते अर्ध्यावर टाकून गेलात. पत्त्याचा डावही तुम्ही असाच टाकून उठायचात, हरायला लागलात की. तेव्हा आता ऐका. मध्ये बोलायची सोय नाही याचं मला वाईट वाटतंय, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतंय.

मिरजेहून मी दिल्लीला कारकून म्हणून निघालो तेव्हा वाटेत मुंबईला मावशीकडे उतरलो होतो. मावशीच्या शेजारी काकूंच्या धाकट्या बहिणीचं बिऱ्हाड. दिल्लीला चाललाच आहेस तर एवढं आमच्या ताईला पोचव, म्हणून त्यांनी कागदात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं. गाडीनं कल्याण सोडलं तशी डब्यातली माणसं नाक मुरडायला लागली. पुडक्यात सुके बोंबील होते. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद, आणि मी ते बोंबील उशाशी घेऊन दिल्ली गाठली. भुसावळपर्यंत शेजारचे दोघं उठून दुसरीकडे गेले, म्हणून मला पाय पसरायला तरी मिळाले.

रामकृष्णपुरममधलं तुमचं तळमजल्याचं सरकारी क्वार्टर शोधत भर दुपारी पोचलो, तर तुम्ही जेवायला बसत होतात. घरात माणसं तीन: तुम्ही, काकू आणि दुसरी-तिसरीतला आलेक्स. टेबलावर ताटं मात्र चार वाढलेली. तुम्ही पुडक्याचा वास घेतलात, काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलंत आणि मला म्हणालात, ‘हात धुऊन बस.’ मी विचारलं, हे ताट कोणाचं? तुम्ही म्हणालात, फोकासचं. मला वाटलं, थोरला मुलगा असणार, कामावरून यायचा असेल. म्हणून मी नुसताच बसून राहिलो. वरण निवलं, पोळ्या निवल्या, मी आपला दाराकडे बघतोय. काकूंनी विचारलं, जेवत का नाहीस, तर म्हणालो, फोकासदादा येऊ देत, मग बसतो. यावर तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला आणि आलेक्सला पाठ चोळावी लागली.

‘अरे, त्याला जाऊन सतराशे वर्षं झाली,’ तुम्ही डोळे पुसत म्हणालात. ‘आता तो दार वाजवतो तेव्हा चेहरा दुसऱ्याचाच असतो. आज तुझा आहे. जेव.’

मग जेवता जेवता तुम्ही मला त्याची गोष्ट सांगितलीत. पुढे ती मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की तुमच्याआधी मीच सांगायला लागलो. काळ्या समुद्राच्या काठी सिनोप नावाचं बंदर होतं. तिथं हा फोकास राहायचा. धंदा भाजीपाल्याचा. गावाबाहेर मळा, मळ्यात घर, आणि वाटसरू दिसला की त्याला बोलावून जेवू घालायचं, एवढाच त्याचा धर्म. रोमचं राज्य तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या मागे लागलेलं. कोणीतरी याचं नाव सांगितलं आणि राजाचे शिपाई त्याला मारायला निघाले. गावाजवळ पोचले तेव्हा दमले होते, भुकेले होते. समोर एक माळी दिसला. त्यानं त्यांना घरात घेतलं, जेवू घातलं, अंथरूण दिलं. बोलता बोलता शिपायांनी विचारलं, इथं फोकास कोण? माळी म्हणाला, उद्या दाखवतो. शिपाई झोपल्यावर त्यानं आपल्याच मळ्यात खड्डा खणला. सकाळी त्यांना न्याहारी दिली आणि म्हणाला, मीच तो. शिपायांचे हात उचलेनात. खाल्ल्या मिठाला कसं जागायचं हा त्यांना प्रश्न पडला. यानंच त्यांची समजूत घातली की तुम्ही हुकमाचे ताबेदार, तुमचं काम करा. पुढे त्या समुद्रावरचे खलाशी जेवताना एक वाटा फोकासचा म्हणून बाजूला काढायला लागले, आणि बंदर आलं की त्याचे पैसे गरिबांना द्यायचे. तुमचे मामा फादर होते. त्यांनी ही गोष्ट तुम्हाला लहानपणी वसईच्या वाडीत सांगितली होती. वाडीवाल्याच्या पोराला माळी संत मिळाला, मग काय विचारता. दिल्लीत तुम्हाला ना समुद्र मिळाला ना जहाज, म्हणून तुम्ही वाट्याऐवजी सरळ ताटच वाढायला लागलात.

मी तेव्हाच म्हणालो होतो की हा मनुष्य वेडा होता. शिपाई घोरत पडलेत, मागचं दार उघडं आहे, पळून जायचं की नाही? तुम्ही म्हणालात, पाहुणे घरात टाकून यजमान पळतो का कुठं? आपल्या भांडणाची सुरुवात ही अशी पहिल्याच जेवणावर झाली.

त्या दिवशी मी हात पुढे केला आणि काकूंना माझ्या मनगटावरच्या गांधी दिसल्या. मी पहाडगंजमध्ये एका स्वस्त हॉटेलात उतरलो होतो आणि तिथले ढेकूण माझ्यावर खूष होते. उद्या ट्रंक घेऊन ये, काकू म्हणाल्या. मागचा व्हरांडा बंद करून केलेली ती खोली मला मिळाली. पहिल्या पगाराला मी तुमच्यापुढे पैसे ठेवले, तर तुम्ही ते उचलून माझ्याच खिशात कोंबलेत. पैसे दिलेस तर तू भाडेकरू होशील आणि फोकासचं ताट मोकळं राहील, म्हणालात. तेव्हापासून ते ताट माझं झालं. दुसरं कोणी आलं की तुम्ही आपलं ताट त्याच्यापुढे सरकवायचात आणि स्वतः मागाहून जेवायचात. गॅसच्या सिलिंडरवाल्यापासून हिशेब तपासायला आलेल्या तुमच्या साहेबापर्यंत सगळे त्या टेबलावर जेवून गेले. चुलीशी उभ्या राहणाऱ्या काकूंना कोणी विचारलं नव्हतं, हे मी तुम्हाला पुढे सुनावलंच. काकूंचं मत वेगळंच होतं. त्या म्हणायच्या, फोकासचं लग्न झालं नव्हतं म्हणून त्याला परवडलं.

आणि तुमची ती केळ! दिल्लीच्या जानेवारीत वसईची केळ जगवायचा तुमचा हट्ट. मेथी, मुळे, दुधी, वाल, सगळं झकास यायचं. केळ मात्र दरवर्षी थंडीनं करपायची आणि दरवर्षी तुम्ही तिला गोणपाटं गुंडाळून वर दोरी बांधायचात. आलेक्सला शाळेत पाठवताना स्वेटर विसरलात एकदा, पण केळीचा विसरला नाहीत.

तो दिवसही जानेवारीतलाच. सुट्टी होती. तुम्ही बनियन-पायजम्यात, कोपरापर्यंत चिखलात, केळीला दोरी बांधत होतात. फाटकातून दोन माणसं आत आली, हातात फायली. सरकारी क्वार्टर पोटभाड्यानं दिलंय का, ते बघायला अशी माणसं न सांगता यायची. कोणीतरी आपल्याबद्दल कळवलं होतं, की इथं एक परका मुलगा राहतो. त्यातल्या थोरल्यानं तुम्हाला माळीच समजून विचारलं की साहेब घरात आहेत का. तुम्ही म्हणालात, आहेत, आधी दोन घास खाऊन घ्या, मग भेटवतो.

मी खिडकीतून हे ऐकलं. क्वार्टर जाणार, हे कळायला मला फार अक्कल लागत नव्हती. त्या घराशिवाय तुमच्याकडे दिल्लीत काय होतं? पगारात आलेक्सची शाळा, वसईला आईचं औषधपाणी. मी काकूंना म्हणालो, मागच्या भिंतीवरून ट्रंक टाकतो आणि जातो. काकू म्हणाल्या, आधी पापड भाज. तुम्ही हात धुवायला मोरीत आलात तेव्हा मी तुमच्या विनवण्या केल्या की भाचा म्हणून सांगा. तुम्ही म्हणालात, मिरजेचा विनायक आणि वसईचा बस्त्याव, कसला भाचा? मी म्हणालो, बहिणीनं परजातीत लग्न केलं म्हणा, हल्ली होतात. यावर तुम्हाला हसू आलं. मी घर वाचवायला धडपडत होतो आणि तुम्ही हसत होतात. वर म्हणालात, पोळ्या गरम आहेत तोवर वाढ.

एक माझं ताट, एक तुमचं. ते दोघं जेवले. मी वाढत होतो. वालाचं बिरडं थोरल्यानं दोनदा मागून घेतलं आणि सरसोंच्या शेतावरच्या आपल्या घराबद्दल बोलायला लागला. हात धुऊन त्यानं पुन्हा विचारलं, आता साहेब कुठं आहेत? तुम्ही म्हणालात, ‘मैं ही हूँ.’ आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलंत की हा मुलगा इथं राहतो, जेवतो, पैसे देत नाही.

तो माणूस बराच वेळ टॉवेलला हात पुसत उभा राहिला. मग फाईल उघडून खाली मान घालूनच म्हणाला, ‘भांजा लिख दूँ, साहब?’

तुम्ही म्हणालात, ‘नहीं जी, मेहमान लिखिए. भांजे को तो सारी दुनिया खिलाती है.’

पुढे जे व्हायचं ते झालं. सुनावणीला मीही साक्षीला आलो होतो. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला हा प्रकार कळेचना. नातेवाईक आहे का? नाही. मग भाडं किती? काही नाही. नातेवाईक नाही तर भाडेकरू, आणि भाडेकरू नाही तर नातेवाईक, तिसरा रकानाच त्याच्याकडे नव्हता. तो वाईट माणूस नव्हता. दिल्लीत फुकट कोण कोणाला ठेवतं, असं त्यानं मला अगदी मनापासून विचारलं. विनापरवाना परक्याला ठेवल्याबद्दल क्वार्टर गेलं आणि काही वर्षं दुसरं मिळणार नाही असंही ठरलं.

यावर तुम्ही काय केलंत? जायच्या आधीच्या आठवड्यात सगळे वाफे खणून काढलेत, त्यात शेणखत घातलंत. पुढं येणाऱ्याला लगेच भाजी लावता यावी म्हणून. मी पाटी वाहत होतो आणि इतका चिडलो होतो की तुमच्याशी बोलतही नव्हतो. त्यांनी घर काढून घेतलं आणि तुम्ही त्यांना जमीन नांगरून देताय, असं शेवटी म्हणालोच. तुम्ही म्हणालात, मातीनं काय वाकडं केलंय आपलं?

मग लक्ष्मीनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मातीचं नाव नाही, गच्चीवर रिकाम्या तेलाच्या डब्यांत पुदिना आणि मिरच्या. मी जवळच मित्रांबरोबर राहायला गेलो, पण दर रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचोच. चौथं ताट वाढलेलं असायचंच. माझं लग्न झालं, मुलं झाली, मी नोएडात फ्लॅट घेतला, मागोमाग तुम्हीही तिथेच आलात, आणि आपलं भांडण चालूच. भाचा म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? एक शब्द. कोणाचं नुकसान नाही. फोकास तरी काय मिळवून गेला? मेलाच ना! यावर तुमचं एकच उत्तर, की शिपाई जेवले. मी म्हणायचो, जेवून त्याला मारलंच ना त्यांनी? तुम्ही म्हणायचात, ते त्यांनी बघावं, फोकासनं त्याचं काम केलं. असल्या माणसाशी वाद कसा घालायचा? रागानं मी आणखी एक पोळी घ्यायचो.

नोएडात मात्र तुमची पंचाईत झाली. दार वाजवणारंच कोणी राहिलं नाही. येणाऱ्याला फाटकावर नाव सांगायचं, फोनवर परवानगी यायची, मग लिफ्ट. ताट वाढून तुम्ही वाट बघायचात आणि फोकास फाटकावरच अडकलेला. मग तुम्ही खाली लिफ्टपाशी जाऊन उभे राहायला लागलात. पाण्याचे कॅन आणणारा, पंखा दुरुस्त करणारा, पार्सलवाला, जो सापडेल त्याला धरून वर आणायचात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार आली की चारशे दोनमध्ये कोणीही येतं-जातं. तुम्ही खाली उत्तर टाकलंत: बिल्कुल सही, आप भी आइए. शेजारच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ खरंच आले आणि मग दर महिन्याला यायला लागले. मला वाटतं, शिपायांपेक्षा आपण जास्त भितो हल्ली. ते तरी अनोळखी माणसाच्या घरात शांत झोपले.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगतो. मी घरासाठी चिडलो होतो असं तुम्ही समजत होतात, आणि मीही तसंच बोलत होतो. ते खरंच होतं, पण सगळं नव्हतं. त्या दिवशी मी हातात पोळ्यांचा डबा घेऊन तुमच्या मागे उभा होतो. तो माणूस म्हणाला, भांजा लिख दूँ, आणि माझ्या मनात आलं, आता काका हो म्हणतील. घर वाचेल म्हणून नाही, मला ते हवं होतं म्हणून. मिरज फार लांब होतं, मी तेवीस वर्षांचा होतो आणि या गावात माझं म्हणावं असं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. तुम्ही म्हणालात, मेहमान. ते केवढं मोठं होतं ते मला आज कळतं. माझ्या पोराबाळांनाही मी ते अभिमानानं सांगतो. पण त्या क्षणी मला लागलं होतं काका, आणि पुढे कितीही वर्षं त्या ताटावर जेवलो तरी ते थोडं थोडं लागतच राहिलं. पाहुण्याला शेवटी उठून जावं लागतं ना.

परवा दफनभूमीतून आम्ही घरी आलो. माझ्या बायकोनं पिठलं-भात करून आणला होता, शेजाऱ्यांकडून राजमा आला होता. आलेक्सच्या कंपनीतली माणसं मानेसरहून टॅक्सीनं आली होती. काकूंनी डोळे पुसले आणि ताटं मांडायला घेतली. कोणी नको म्हणालं तरी ऐकेनात. एक ताट नेहमीच्या जागी, दाराकडच्या बाजूला मांडलं. मी सवयीनं जाऊन त्याच्यासमोर बसलो.

काकूंनी भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं. ‘तिथून ऊठ,’ त्या म्हणाल्या. ‘ते पाहुण्याचं आहे. तू घरचा, तू वाढायला घे.’

त्यांनी हे काही ठरवून म्हटलं नव्हतं. पुढच्याच वाक्याला त्या लोणच्याची बरणी कुठं गेली ते विचारत होत्या. मला मात्र दफनभूमीत आलं नव्हतं ते रडू तिथं आलं, आणि पातेलं हातात असल्यामुळे पुसताही येईना. मग सगळ्यांना भात वाढला. दाराकडचं ताट तसंच होतं. आलेक्स म्हणाला, टॅक्सीवाला मघापासून खाली बसून आहे. मी म्हणालो, मी जातो.

गाडीच्या काचेवर टकटक केली. पंचविशीतला मुलगा, सीट मागे करून पडला होता. मी म्हणालो, वर चला, जेवण तयार आहे. तो ओशाळला. मयताचं घर आहे, आपण बाहेरचे, कोणाला आवडेल न आवडेल, असं काहीतरी पुटपुटत तो माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, ‘आप घर के हैं?’

‘हाँ जी,’ मी म्हणालो. ‘घर का हूँ.’ आणि त्याच्यासाठी लिफ्टचं दार धरून उभा राहिलो.